गोदी आणि कला

जुन्या गोद्यांचें कलाकेंद्रांत रूपांतर करावें, असें म्हणणारांची संख्या आमच्या सुशिक्षित वर्गांत वाढत आहे. त्यांचा आवडता दाखला म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमच्या उत्तर तीरावरील 'एन्. डी. एस्. एम्.' हा जहाजांचा कारखाना. मृत जागेला कलेनें तेथें संजीवनी दिली, असें ते सांगतात. दाखला खरा आहे. परंतु त्यांच्या पक्षाला तो मुळींच उपकारक नाहीं.

हा कारखाना १९८४ सालीं बंद पडला. ओस पडलेल्या त्या जागेंत जागेची ददात असलेले कलावंत व कारागीर शिरले. १९९९ सालीं नगरपालिकेनें योजना मागविल्या, तेव्हां त्यांनींच संस्था स्थापून आपली योजना मांडली आणि जहाजबांधणीच्या प्रचंड मंडपांत आपल्या कर्मशाळा उभारल्या. म्हणजे काम आधीं संपलें, कला मागाहून आली. तरीहि तेथील एका जुन्या यारींत पुढें श्रीमंतांसाठीं हॉटेल निघालेंच! कलेच्या पावलांमागून पैसा कसा येतो, हें आमच्या मित्रांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मुंबईची ससून गोदी पहा. १८७५ सालच्या या गोदींत २०१७ सालीं मोठें कलाप्रदर्शन भरलें. भिंतींवर कोळी स्त्रीपुरुषांचीं छायाचित्रें झळकलीं. प्रदर्शनाविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती, तें पाहून 'येथें कायमचें कलाकेंद्र कां नसावें?' असें विचारणाऱ्यांविषयीं. जेथें पहांटे मासळी उतरते, लिलाव पुकारले जातात, बायका कोळंबी सोलीत बसतात, ती जागा मृत ठरविली कोणीं? ज्या वासानें आपण नाकाला रुमाल लावतों, त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात.

कोणी म्हणेल, कोळ्यांना दुसरीकडे हलवावें. पण धक्का, बर्फ, लिलाव आणि गिऱ्हाईक हीं एकमेकांस धरून असतात. बाजार हा कांहीं दिवाणखान्यांतील खुर्ची नव्हे, कीं उचलून पलीकडे ठेवली!

रिकाम्या जागेंत कलेनें अवश्य शिरावें. पण जागा रिकामी करविण्याचें निमित्त तिनें होऊं नये. भिंतीवर कोळणीचें चित्र ठेवून खालच्या कोळणीला उठविणें याला रसिकता म्हणावयास आम्ही तयार नाहीं.