काल कुठवर आलो होतो?
(द्वितीय वर्ष, कला)

"सध्या काय वाचतेस?" हा प्रश्न आमच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या आधी येतो. गेल्या पावसाळ्यात तो मला विचारला गेला तेव्हा मी सरळ खोटे बोलले. "स्वामी मुद्रिकांचा. दुसरा भाग चालू आहे," असे सांगून टाकले. खरे तर मी पहिल्याच भागात तिसऱ्यांदा अडकले होते. एलरॉन्डच्या घरी सभा भरते आणि एकामागून एक माणूस उठून शेकडो वर्षांपूर्वीचा इतिहास सांगू लागतो, तिथे. शेजारी बसलेल्या वर्गमित्राने आपण एरिकसन या लेखकाच्या दहा खंडी मालिकेतील तिसरा खंड वाचत असल्याचे सांगितले. मी मनातून खचले. पुढे महिन्याभराने त्याने कबूल केले, की पहिल्या खंडाची शंभर पाने कशीबशी झाली होती, बाकीचे मोबाईलवर सारांश ऐकून. म्हणजे त्या टेबलावर दोघेही थापा मारत होतो आणि दोघेही एकमेकांना घाबरत होतो!

या जाड पुस्तकांविषयी मला जे वाटते ते एकदा लिहून टाकावे म्हणून हा खटाटोप.

टोल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५ साली इंग्रजीत तीन भागांत निघाली. मुग्धा कर्णिक यांनी ती मराठीत आणली म्हणून माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलीला तिच्या वाटेला जाता आले. त्यानंतर या प्रकारच्या मालिका लांबतच गेल्या. रॉबर्ट जॉर्डन यांची मालिका १९९० साली सुरू झाली, २००७ मध्ये लेखक वारले, उरलेले काम ब्रँडन सँडरसन यांनी हाती घेतले आणि २०१३ साली चौदावा भाग आला. जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा भाग २०११ साली आला आणि वाचक वर्षानुवर्षे सहाव्याची वाट पाहत राहिले. एरिकसनचे दहा खंड १९९९ ते २०११ या काळातले. हे गृहस्थ पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेले. वाचकाला काही समजावून न सांगता उत्खननाच्या खड्ड्यात उभे करतात आणि म्हणतात, आता खापरे तुम्हीच जुळवा.

आमच्या पिढीला हे का झेपत नाही याचे ठरलेले उत्तर तयार असते. मोबाईलने एकाग्रता गेली. असेलही. पण माझी अडचण निराळी होती, आणि ती शोधायला मला वर्ष लागले.

आम्ही चाकणला राहतो. खोली एक, दिवा एक, माणसे पाच. वडील प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार आहेत आणि दर आठवड्याला त्यांची शिफ्ट बदलते. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात ते पहाटे पाचला उठतात, म्हणून रात्री नऊला दिवा बंद. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी आईचे शिवणकाम आणि धाकट्या भावाची दहावी, दोघे मिळून दिव्याखालची जागा व्यापतात. राहिला रात्रपाळीचा आठवडा. तेव्हा मी एक वाजेपर्यंत वाचू शकते. (मोबाईलच्या उजेडात वाचता येते हे मलाही ठाऊक आहे; पण तो मोबाईल भावाच्या क्लाससाठी आहे.) बसमध्ये वाचावे म्हटले, तर चाकणच्या तळेगाव चौकापासून मोशीपर्यंत गाडी कितीही वेळ उभी राहो, मलाही उभेच राहावे लागते. इंद्रायणीच्या पुलावर डाव्या अंगाला आळंदी, उजव्या अंगाला देहू आणि पुढ्यात कुणाचा तरी डबा, अशा अवस्थेत हजार पानांचे पुस्तक उघडत नाही.

म्हणजे मी एक आठवडा वाचते आणि दोन आठवडे विसरते. पुन्हा पुस्तक उघडते तेव्हा सॉरॉन कोण आणि सारुमान कोण इथपासून तयारी. (इतकी सारखी नावे का ठेवावीत, हा माझा लेखकावर राग आहे आणि तो जाणार नाही.) अ‍ॅरागॉर्न आधी एका नावाने भेटतो, मग दुसरे नाव कळते, मग तिसरे. प्रत्येक खेपेला मी मागे जायचे, आणि पुढे जाण्याआधी रात्रपाळी संपायची.

मी एकदा आजीजवळ कुरकुर केली की एका माणसाला इतकी नावे कशी लक्षात ठेवायची. आजीला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, "अर्जुनाला किती हायेत?" आणि बोटांवर मोजू लागली: पार्थ, धनंजय, सव्यसाची, फाल्गुन, किरीटी. एका हाताची बोटे संपली तेव्हा मीच तिला थांबवले. तिचे महाभारत म्हणजे श्रीधरांचा 'पांडवप्रताप', १७१२ सालचा, चौसष्ट अध्यायांचा. तिच्या गावी मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी लागायची. मी विचारले, एवढे सगळे लक्षात कसे राहायचे? तिने सांगितले ते मला कोणत्याही टीकाग्रंथात मिळाले नसते. पोथी सोडताना वाचणारे बुवा रोज आधी विचारायचे, "काल कुठवर आलो होतो?" मग समोरच्या बायाबापड्यांतून कुणी तरी सांगायचे, दुसरी दुरुस्त करायची, आणि सगळ्यांचे एकमत झाल्यावरच पुढची ओवी.

वडील जेवता जेवता ऐकत होते. ते म्हणाले, "आमचंही तेच की. शिफ्ट सुटताना वहीत लिहितो. कोणता डाय चढवलाय, माल किती निघाला, मशीन कुठं कुरकुरतंय. न्हाई लिहिलं तर येणारा माणूस काय करील?"

दुसऱ्या दिवशी मी भावाची अर्धी कोरी वही घेतली. आता रात्रपाळीचा आठवडा संपताना शेवटच्या रात्री मी तीत चार-पाच ओळी लिहिते. कोण कुठे आहे, कोणाचे दुसरे नाव काय, आणि मला काय कळलेले नाही. हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगाचा. या वहीच्या जोरावर सभेचे प्रकरण चौथ्या खेपेला ओलांडले आणि पहिला भाग पुरा केला.

आमच्या एका प्राध्यापकांचे मत आहे की आमच्यासारख्यांनी परीराज्यातले राजे वाचण्यापेक्षा आपल्या जगण्याचे साहित्य वाचावे. सरांविषयी मला आदर आहे. पण त्या पुस्तकात सॅम नावाचा एक माळी आहे. मालकाबरोबर जग वाचवायला निघतो तो स्वयंपाकाची भांडी पाठीवर घेऊन, आणि दोर घ्यायचा राहिला म्हणून हळहळतो. माझी आई गावाहून चाकणला आली तेव्हा तिने काय काय बांधून आणले आणि काय राहिले, हे ती अजून सांगते. पाटा राहिला. मला सॅम परका वाटला नाही. राजांविषयी मात्र सरांचे म्हणणे थोडे मान्य आहे. त्यांच्या वंशावळी मी वहीत दोन ओळींत उरकते.

जाड काम एकट्याने आणि एका दमात होते, हा समजच मुळात चुकीचा असावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे काम १९१९ ते १९६६ चालले. १२५९ हस्तलिखिते जमवली. सुकथनकर १९४३ साली गेले, पुढे बेलवलकरांनी धुरा घेतली, त्यांच्यानंतर प. ल. वैद्यांनी. तिथेही कुणी तरी वहीत लिहूनच ठेवले असणार. आणि आम्ही मात्र एक पुस्तक एकट्याने पंधरा दिवसांत संपले नाही की स्वतःला मठ्ठ समजतो.

म्हणून दोन मागण्या. वाचनालयांनी मालिका घ्यायची तर पुरी घ्यावी, आणि अशा ग्रंथांना सात दिवसांची मुदत लावू नये. माझे तर सात दिवस तीन आठवड्यांतून एकदाच येतात. दुसरी मागणी तुम्हां मित्रमैत्रिणींकडे. "काय वाचतोस" याऐवजी "कुठवर आलास" असे विचारा, आणि अडकला असाल तर अडकलोय म्हणा. सोडले असेल तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही. माझ्या त्या मित्राने एरिकसन सोडला आणि आता तो नाथमाधवांची १९१३ सालची 'वीरधवल' वाचतो आहे. कॅन्टीनमध्ये रोज त्याची हकिगत असते, आणि या वेळी ती खरी असते.

माझे मात्र अडले आहे. मी ज्या वाचनालयातून पुस्तक आणते तिथे पहिला आणि तिसरा भाग आहे. दुसरा कुणी तरी नेला तो परत आलाच नाही. सरळ तिसरा वाचावा का, असे आजीला विचारले. "मधलं पर्व सोडून कुठं शेवट ऐकत्यात का?" असे म्हणून तिने विषय संपवला.

तेव्हा दुसरा भाग कुणाकडे असल्यास मुलींच्या वाचनकक्षात खिडकीजवळच्या टेबलावर निरोप ठेवावा. वही तिथेच असते. हवी त्याने पाहावी, चुका दुरुस्त कराव्यात. वडिलांची रात्रपाळी येत्या सोमवारी सुरू होते आहे.