जुन्या कॅमेऱ्याचा नवा मालक

हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे दिसू लागतात आणि पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचे ऑनलाइन गटही गजबजतात. त्या गजबजाटात हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. सेकंडहँड डीएसएलआर घेतलेला एखादा नवखा आपला फोटो टाकून विचारतो, 'फोकस डोळ्यावर होता, तरी मागची पिसे स्पष्ट आणि डोळा पुसट का आला?' त्याला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा तीनच शब्दांचे असते: 'आता मिररलेस घ्या.'

या उत्तरात खोटे काही नाही, पण विचारणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. नवे यंत्र आले की ते वापरणाऱ्यांचा समाज कसा बदलतो, हे मात्र त्या तीन शब्दांतून नेमके कळते.

दहा वर्षांपूर्वी याच प्रश्नाला सविस्तर उत्तर मिळत असे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून व्ह्यूफाइंडरकडे जातो आणि त्याचा काही भाग बॉडीच्या तळाशी असलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरवर पडतो. चित्र उमटते ते मात्र आरशामागच्या मुख्य सेन्सरवर. लेन्सपासून या दोन सेन्सरपर्यंतच्या अंतरांत केसाएवढा फरक पडला, तरी फोकस पुढे किंवा मागे सरकतो. त्यावर उपाय होता. टेबलावर पेन्सिल सेल तिरक्या ओळीत उभे करायचे, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, मधल्या सेलवर फोकस लावून फोटो काढायचा आणि तो मोठा करून बघायचा. मधल्याऐवजी मागचा सेल स्पष्ट दिसला, तर ज्या बॉडीत सोय आहे तिच्या मेनूत तेवढी दुरुस्ती करायची. ही खटपट प्रत्येक लेन्ससाठी वेगळी. ज्याला ती नीट जमे, त्याला गटात मान असे.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, मुख्य सेन्सरच फोकस मोजतो. त्यामुळे ही दुरुस्ती जवळजवळ निकालात निघाली आणि तिच्यासोबत ती जाणणाऱ्यांचा मानही ओसरला. गटातील जुने आणि नवे यांच्यात जी धुसफूस दिसते, तिचे मूळ बरेचदा इथे असते. वरवर वाद कॅमेऱ्याचा असतो. आत दुखत असते ते वर्षानुवर्षे कमावलेले ज्ञान एकाएकी कोणी विचारेनासे झाल्याचे.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. लेन्स बदलता येणारा पहिला मिररलेस कॅमेरा पॅनासोनिकने 2008 मध्ये आणला. 2013 मध्ये सोनीने फुल फ्रेम मिररलेस काढला. निकॉन आणि कॅनन फुल फ्रेममध्ये उतरले ते 2018 मध्ये, आणि 2020 मध्ये जगभर डीएसएलआरपेक्षा मिररलेस कॅमेरे अधिक संख्येने बाजारात गेले. पण दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना ही वाट सारखी गेली नाही. कॅननने 1987 मध्येच जुना माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवण्याचा सांधा, मोडीत काढून ईएफ माउंट आणला आणि फोकसची मोटर लेन्समध्ये बसवली. ज्यांच्याकडे जुन्या लेन्स होत्या, त्यांना तो निर्णय तेव्हा जाचक वाटला. पण त्यामुळेच 31 वर्षांनी साध्या अ‍ॅडॉप्टरवर ईएफ लेन्सचा ऑटोफोकस नव्या बॉडीवर चालू राहिला. निकॉनने 1959 चा एफ माउंट जपला, ही त्या वेळी ग्राहकांशी राखलेली निष्ठाच होती. मात्र ज्या जुन्या निकॉन लेन्सचा फोकस बॉडीतली मोटर फिरवत असे, त्यांचा ऑटोफोकस निकॉनच्या मिररलेस अ‍ॅडॉप्टरवर चालत नाही. अशा लेन्सने कपाट भरलेल्याला नव्याचे स्वागत करणे जड गेले असेल, तर त्याला हटवादी म्हणणे बरोबर नाही.

दुसऱ्या बाजूचेही ऐकायला हवे. 'आता कौशल्य राहिलेच कुठे?' ही जुन्यांची तक्रार आम्हाला पटत नाही. कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, शटरचा आवाज न करता सेकंदाला वीस-वीस फोटो काढतो, हे खरे. पण होडी कोणत्या बाजूने न्यायची, थवा उडायच्या बेतात आहे हे कशावरून ओळखायचे, ऊन चढण्याआधी किती वेळ हाती आहे आणि घरट्यापासून किती लांब थांबायचे, हे कॅमेरा सांगत नाही. स्पष्ट फोटो सर्वांनाच मिळू लागला, की पक्ष्याला त्रास न देता तो काढणे हीच खरी कसोटी उरते. जाणत्यांनी आपला अनुभव आता तिथे लावावा.

म्हणजेच अशा गटात दोन प्रकारचे ज्ञान असते. एक यंत्राचे, ते यंत्राबरोबर मागे पडते. दुसरे कलेचे आणि निगेचे, ते टिकते. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. जुनी लेन्स घेताना तिच्यातून टॉर्चचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे, घरी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, हा सल्ला आरसा असलेल्या कॅमेऱ्याला लागू होता आणि नसलेल्यालाही लागू आहे.

यंत्राचे ज्ञान मागे पडते, पण ते लगेच निरुपयोगी होत नाही, हे मात्र सहज विसरले जाते. हौशी माणूस नवी बॉडी घेतो तेव्हा जुनी विकतो. मुंबईत बोरा बाजारसारख्या ठिकाणी किंवा ओळखीतून ती पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीकडे, तालुक्याच्या गावी स्टुडिओ टाकू पाहणाऱ्या तरुणाकडे पोहोचते. जाणत्यांचा जुन्या कॅमेऱ्यातला रस संपतो, नेमक्या त्याच वेळी त्या कॅमेऱ्याबद्दल विचारणारी नवी माणसे येतात. उत्तर देणारा पुढे गेलेला असतो आणि प्रश्न विचारणारा नुकताच दारात उभा असतो. या गटांचे खरे नुकसान या अंतरात होते.

साठवलेली उत्तरेही कायम राहतील असे नाही. 1998 मध्ये सुरू झालेले डीपीरिव्ह्यू हे कॅमेऱ्यांविषयीचे संकेतस्थळ बंद करण्याची घोषणा मार्च 2023 मध्ये झाली, तेव्हा जगभरच्या वापरणाऱ्यांनी लिहिलेला जवळपास पंचवीस वर्षांचा ठेवा पुसला जाण्याची वेळ आली होती. त्याच वर्षी जूनमध्ये नवा मालक मिळाला म्हणून तो वाचला. मराठीतले असे ज्ञान तर बहुतांशी व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. तिथे मागच्या महिन्यातले उत्तरही शोधून सापडत नाही.

म्हणून ज्यांनी नवा कॅमेरा घेतला आहे, त्यांना आमची विनंती आहे. तो आनंदाने वापरा, त्याबद्दल भरभरून बोला. पण जुनी बॉडी विकताना तिच्याबद्दल जे जे कळले, ते कागदावर उतरवून तिच्याबरोबर द्या: कोणत्या लेन्सला किती दुरुस्ती लागते, बॅटरी कुठवर टिकते, कोणत्या आयएसओपर्यंत फोटो चांगला येतो. आणि गटात पुसट डोळ्याचा फोटो आला, तर पेन्सिल सेलची ओळ कशी लावायची ते सांगा. साठवलेल्या पैशांतून पहिला कॅमेरा घेतलेल्याला 'मिररलेस घ्या' हे उत्तर होत नाही.