तीनशेचा दम, तीन बक्षिसं
परभणीत वसमत रोडवरच्या एका शिकवणीबाहेर या आठवड्यात पोरांचा घोळका जमला होता. मधोमध पोकेमॉनचं नवं ‘मेगा’ कार्ड, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या कोपऱ्यातल्या एचपीवर, म्हणजे त्या गड्याच्या दमावर. आकडा तीनशेच्या वर! कार्ड जोखायची ही रीत साफ चुकीची आहे. या खेळात 60 पत्त्यांचा गठ्ठा आणि 6 बक्षीस-पत्ते असतात; समोरच्याचा साधा गडी पाडला की एक बक्षीस उचलायचं, सहाही उचलली की डाव आपला. मेगा गडी पडला तर मात्र समोरचा एकदम 3 बक्षिसं नेतो. अर्धा डाव एका फटक्यात गेला! म्हणून आधी पाहायचं ते हे, की हल्ल्याला एनर्जीचे पत्ते किती लागतात, गडी उभा करण्यात किती पाळ्या जातात आणि माघार केवढ्याला पडते. 1996च्या पहिल्या संचातला चारिझार्डच घ्या. दम 120, मारा 100. पण त्यासाठी 4 एनर्जी लावायच्या, दर हल्ल्याला 2 टाकून द्यायच्या, शिवाय चारमँडर आणि चारमेलियन या दोन पायऱ्या चढून यायचं. संग्राहक त्याला डोक्यावर घेतात, पण खेळायला तो फार महाग. बियाण्याचंही तसंच: आपल्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी नावाजली गेली ती रोगाला तोंड द्यायची म्हणून. पाकिटावरचं चित्र कोण बघतो? पोरांनो, चकाकतं म्हणून नव्या कार्डाच्या बदल्यात हातातलं कामाचं कार्ड देऊ नका. आधी चार डाव खेळून पाहा.