डब्यातली आपुलकी

पाऊस, निवडणुका, महागाई यांचा हिशेब वर्तमानपत्रांनी वर्षभर मांडलाच आहे. आम्हाला सलत राहिला तो डबा. रायपुरातल्या कुठल्याही मराठी कार्यक्रमाला जा; आभार संपले की रांग लागते, हातात डबा पडतो आणि मंडळी गाडीकडे वळतात. गोल बाजारात सालाच्या पानांच्या, काड्यांनी टाचलेल्या पत्रावळी मागितल्या, तर दुकानदारानं विचारलं, "श्राद्ध है क्या?"

वेळ नाही, हे कारण आम्हाला पटत नाही. डब्याची खरी सोय वेगळीच आहे: शेजारी कोण बसलंय, हे बघावं लागत नाही.

दिवाळी अंकात ख्रिस्ती प्रभुभोजनावर, म्हणजे एकाच भाकरीतून सर्वांनी खाण्याच्या चर्चमधल्या विधीवर, लेखमाला कशाला, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर: शेजारी कोण बसतं, हा त्या भोजनाचाही प्रश्न आहे. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत खातेपिते आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत. त्यावर प्रेषित पौलानं त्यांना पत्रातून चांगलंच फैलावर घेतलं. एकाच भाकरीचे वाटेकरी म्हणजे एकच शरीर, हा त्याचा आग्रह. तो चर्चलाही पेलला नाही. दक्षिणेतल्या चर्चमध्ये प्रभुभोजनालाही जात पाळली जात होती. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ साली त्याविरुद्ध फर्मान काढावं लागलं.

आपलं काय? ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये प्रतिष्ठित हिंदूंपुढे चहा आला. कुणी प्यायले, कुणी नुसता कप उचलला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. न्यायमूर्ती रानड्यांनासुद्धा प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तेही एक कप चहासाठी!

आणि लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर आपल्या शेजारची. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांना बायबल मिळालं ते राजनांदगावला येताना, आगगाडीत. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. सोवळं जपणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. पण शिवाशीव त्यांनी बाप्तिस्म्याआधीच सोडली होती, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. कुणाच्याही हातचं खायचं, हे त्यांनी आधी ठरवलं, धर्माचं नंतर.

आपण मात्र चिवड्याची देवाणघेवाण दारातूनच उरकतो आणि तिला स्नेहसंमेलन म्हणतो.

मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना विनंती: यंदाच्या फराळाला डबे नकोत. सतरंज्या घाला, पत्रावळी मांडा, वाढपी आपलेच घ्या. आणि मांडव घालणाऱ्या मजुरांना त्याच पंगतीत, त्याच वेळी बसवा.