तान्ह्याचे रडणे आणि बाजाराचे निदान

तान्हे मूल रडते, दूध काढते, रात्रीतून चारदा उठते. यात नवे काही नाही. नवे आहे ते हे की, या स्वाभाविक वर्तनाला आता रोगाचे नाव मिळू लागले आहे आणि नावापाठोपाठ औषधाची बाटली व दुधाच्या भुकटीचा डबा घरात येऊ लागला आहे.

अर्भकाच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू पुरता पक्का झालेला नसतो. म्हणून दूध वर येते. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वाधिक असते व बहुसंख्य मुलांत वर्षभरात आपोआप थांबते. तरीही आम्लविकार ठरवून औषधे दिली जातात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६२ अर्भकांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल आणि निम्म्यांना औषधासारखे दिसणारे निर्गुण द्रव्य दिले गेले. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच, ५४ टक्के! गंभीर प्रतिकूल परिणाम मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक. २०१३ साली मिशिगनमधील एका अभ्यासात असे आढळले की, त्याच लक्षणांना डॉक्टरांनी रोगाचे नाव दिले की, औषध निरुपयोगी असल्याचे सांगूनही पालकांना ते हवेसे वाटते.

नावाचे हे सामर्थ्य बाजाराने अचूक हेरले आहे. दूधभुकटीचा उद्योग रडणे, दूध काढणे व झोपमोड यांना विकार म्हणून रंगवतो, असा स्पष्ट आरोप 'लॅन्सेट'च्या २०२३ च्या लेखमालेने केला. मागणी नसेल तेथे भय निर्माण करावयाचे आणि भयातून मागणी, हे भांडवलशाहीचे जुनेच अर्थशास्त्र होय.

खरा आजार दुर्लक्षिला जाईल त्याचे काय, असा प्रश्न येईल. हिरवी किंवा रक्ताची उलटी, वजन न वाढणे, ताप येणे, अशा वेळी डॉक्टरांकडे तातडीने गेलेच पाहिजे. परंतु निरोगी मुलांवर रोगाचे शिक्के मारीत बसल्याने आजारी मूल अधिक लवकर सापडत नाही.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दूधभुकटीच्या जाहिरातीस बंदी आहे; पण भयाला बंदी नाही. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली. शेतमजूर आणि घरकामगार स्त्रीच्या वाट्याला ती आली नाही. तिला हवी आहे ती रजा, कामाजवळ पाळणाघर आणि धीर देणारी आरोग्यसेविका. समाज हे देत नाही, म्हणूनच बाजार तिला डबा देतो. कार्यकर्त्यांनी लढावयाचे आहे ते याच मागण्यांसाठी.