‘मशीन बंद आहे’

आमच्या अंबरनाथच्या वस्तीत एक आत्या आहेत. बदलापूरला एका इस्पितळात सफाईचे काम करतात. गेल्या पावसाळ्यात 7 तारखेला पगार जमा झाला, म्हणून संध्याकाळी स्टेशनजवळच्या एटीएमवर गेल्या. चार हजारांचा आकडा दाबला. आत बराच वेळ घरघर झाली, मग पडद्यावर ‘क्षमस्व’ आले. नोटाही नाहीत आणि चिठ्ठीही नाही. मोबाईलवर मात्र चार हजार गेल्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, ‘मशीन बंद आहे’. आत्या म्हणाल्या, “अहो, हे मशीन चार दिवसांपासून कुरकुर करत होतं. आम्हाला कळत होतं, बँकेला कसं नाही कळलं?”

आत्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून या खेपेस त्याच विषयावर लिहितो.

एटीएमच्या पोटात नोटांचे डबे असतात. त्यांतून एकेक नोट रबरी चाकांनी किंवा हवेच्या ओढीने उचलली जाते. वाटेत तिची जाडी तपासली जाते. दोन नोटा चिकटून आल्या तर त्या बाजूच्या डब्यात टाकल्या जातात आणि मशीन पुन्हा उचलू पाहते. रबर झिजले, धूळ बसली, पावसाळी दमटपणाने नोटा चिकटू लागल्या की हे ‘पुन्हा, पुन्हा’ वाढत जाते. यातली प्रत्येक खटपट मशीन वेळेसह नोंदवून ठेवते. म्हणजे आत्यांनी ऐकलेली कुरकुर कागदोपत्री होतीच, वाचणारा कोणी नव्हता.

उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यांत शिलाई केलेल्यांना हे लगेच उमगेल. जुना कारागीर मशीनच्या आवाजावरून सांगतो, सुई आता तुटणार. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. शेकडो सुया तुटताना त्याने ऐकलेल्या असतात. संगणकालाही तसेच शिकवतात. हजारो मशीनच्या जुन्या नोंदी त्याच्यापुढे ठेवायच्या आणि कोणते मशीन कोणत्या दिवशी मोडले ते सांगायचे. मोडण्यापूर्वीच्या आठवड्यात काय काय वाढले होते ते तो स्वतः हुडकतो, आणि नव्या नोंदीत तीच खूण दिसली की इशारा देतो. याला ‘मशीन लर्निंग’ म्हणतात. एटीएम बनवणाऱ्या डिबोल्ड निक्सडॉर्फ कंपनीने अशा कामासाठी ‘ऑलकनेक्ट डेटा इंजिन’ नावाची व्यवस्था काढली आहे. पहिले एटीएम लंडनच्या एनफिल्ड भागात 27 जून 1967 रोजी सुरू झाले. ते घडवणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतात ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगला! आपल्याकडे मुंबईत ते 1987 साली आले.

पण यात एक गोम आहे. समजा हजार मशीन आहेत आणि एका दिवसात त्यांतली दहाच मोडतात. ‘सगळे ठीक आहे’ असे रोज डोळे मिटून सांगणारा संगणक हजारांत 990 वेळा बरोबर ठरेल, आणि कामाचा मात्र शून्य. म्हणून ‘आमचा संगणक इतके टक्के अचूक’ या जाहिरातीला भुलू नये. मोडणाऱ्या दहांपैकी किती पकडली आणि किती वेळा कारागीर उगाच धावला, हे विचारावे. इशारा लवकर द्यावा तर फेऱ्या फुकट जातात, उशिरा द्यावा तर माणसे ताटकळतात. ही रेघ संगणक स्वतः ओढत नाही, खर्चाचा हिशेब करणारे साहेब ओढतात. त्या हिशेबात कारागिराची फेरी धरलेली असते. आत्यांचा बुडालेला रोज त्यात धरला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

शिवाय काही गोष्टी कोणत्याच नोंदीत आधी दिसत नाहीत. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीचे पाणी चढले आणि बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. अशा पाण्याने मशीन बुडते तेव्हा चाक झिजल्याची खूण कुठून मिळणार?

रेल्वेच्या तिकीट मशीनचेही असेच. ते बंद म्हणून खिडकीवर रांग वाढते, लोकल सुटते. विनातिकीट चढावे तर किमान 250 रुपये दंड. तिथे ‘मशीन बंद होते’ हे कोणी ऐकून घेत नाही.

नोटा संपून महिन्यात दहा तासांपेक्षा जास्त वेळ एटीएम रिकामे राहिले, तर दहा हजार रुपये दंड, असा नियम रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून लावला. तो नोटा संपण्यापुरता आहे. पैसे खात्यातून गेले आणि हातात आले नाहीत, तर त्यासाठी सप्टेंबर 2019 चे परिपत्रक आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा झाली पाहिजे, पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता.

आत्यांना बँकेत तीनदा ‘उद्या या’ म्हणून परत पाठवले. मग आम्ही अर्ज लिहून दिला. त्यात तारीख, वेळ, मशीनवर लिहिलेला क्रमांक आणि मोबाईलवरचा संदेश घातला, आणि एका प्रतीवर शिक्का मागून घेतला. 16 तारखेला चार हजार जमा झाले. भरपाईचा पत्ता नव्हता. चार दिवस उशीर म्हणजे 400 रुपये. दुसरा अर्ज दिला. त्यात लिहिले की 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, तिथे फी लागत नाही. आठ दिवसांनी 400 रुपयेही आले.

ते मशीन आता सुरू आहे. आत्या पैसे काढताना अजून कान देऊन ऐकतात, आणि परवा म्हणाल्या, पुन्हा कुरकुर सुरू झाली आहे. आम्ही मशीनवरच्या क्रमांकावर फोन करून तसे कळवले. पलीकडच्या मुलाने विचारले, “पण पैसे आले ना? मग तक्रार कसली?”