बारा तासांची कॅप्सूल आणि साडेचार वर्षांचं पोर



नाशिककडच्या एका भगिनीचं पत्र आलंय. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. मुलगा साडेचार वर्षांचा. बालवाडीत एका जागी बसत नाही, रांग मोडतो, दुसऱ्यांचे डबे ओढतो. डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता, असं निदान केलं आणि रोज सकाळी एक लांब पल्ल्याची कॅप्सूल सुरू केली. बालवाडीच्या बाई आता खूश आहेत. "पण ताई," त्या लिहितात, "डबा जसाच्या तसा परत येतो. रात्री अकरा वाजले तरी डोळे टक्क उघडे. संध्याकाळी जरा काही झालं की तासभर रडतो. तीन महिन्यांत चड्ड्या सैल झाल्या. सासूबाई म्हणतात, पोराला गुंगीचं औषध घालतेस. शेवटी ह्यांना न सांगता दोन दिवस मी कॅप्सूल दिलीच नाही. माझं चुकलं का?"

चुकलं ते एवढंच, की कुणाला न सांगता केलंत. बाकी तुम्ही जे पाहिलंत ते बरोबरच पाहिलंत.

आधी सासूबाईंची शंका. हे औषध गुंगीचं नाही, उलट उत्तेजक आहे. बहुधा ते मिथाइलफेनिडेट असतं. मेंदूच्या लक्ष टिकवणाऱ्या भागाला ते मदत करतं, म्हणून मूल स्थिर होतं. शाळकरी वयाच्या पुष्कळ मुलांना त्याचा खरोखर फायदा होतो, हे विसरू नये. पण भूक मारणं आणि झोप उडवणं हाही त्याचाच गुण. रात्री कडक चहा घेतला की आपण कूस बदलत राहतो, तशातलाच प्रकार.

आता लांब पल्ल्याची कॅप्सूल. साधी गोळी साधारण चार तास चालते, ही आठ ते बारा तास. शाळेत गोळी न्यायला नको, म्हणून मोठ्या मुलांना सोयीची. लहानग्यांच्या बाबतीत मात्र हीच सोय अंगाशी येऊ शकते. साधी गोळी सोसली नाही तर दुपारची टाळता येते. ही एकदा पोटात गेली की दिवसभर वाट पाहणंच हाती. दुपारचं जेवण नेमकं तिच्या अमलात येतं. अंमल उतरताना संध्याकाळी चिडचिड, रडरड होते. लहान मुलाला मात्रा अगदी थोडीथोडी वाढवावी लागते, तेही हिच्यात अवघड. आणि मूल ती चावून खाईल, तर हळूहळू उतरायचं औषध एकदम उतरतं. काही कॅप्सूल उघडून दाणे मऊ पदार्थावर घालता येतात, काही गोळ्या मोडायच्याही नसतात. आपली कुठली, हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

ही नुसती माझी भीती नव्हे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, म्हणजे एफ.डी.ए.ने, जून २०२५ मध्ये या लांब पल्ल्याच्या उत्तेजक औषधांच्या माहितीपत्रकात सहा वर्षांखालील मुलांचं वजन घटण्याचा इशारा घालायला लावला. तिथे ही औषधं सहाच्या आतल्या मुलांसाठी मंजूरच नाहीत. कारण तेवढ्याच मात्रेत लहानांच्या रक्तात औषध जास्त चढतं आणि त्रासही जास्त होतो. साध्या गोळीचा अभ्यासही तिथे झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. मुलं तीन ते साडेपाच वर्षांची. दर शंभरांतल्या सुमारे अकरा जणांचं औषध त्रासामुळे थांबवावं लागलं. जी वर्षभर घेत राहिली, त्यांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्के कमी वाढली आणि वजन तर निम्म्याहूनही कमी वाढलं.

म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय औषध नव्हे, आईवडिलांचं प्रशिक्षण. ते पुरेना, त्रास खराच मोठा असेल, तरच औषध. प्रशिक्षण म्हणजे फार अवघड काही नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून. केली की लगेच शाबासकी. जेवण, खेळ, झोप ठरल्या वेळी. आणि घरातल्या सगळ्यांचा नियम एक; आईने नको म्हटलं आणि आजीने दिलं, असं नको. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी डी.ई.आय.सी. नावाचं केंद्र असतं, तिथे चौकशी करावी.

निदानही पुन्हा पडताळून घ्यावं. चार वर्षांचं कुठलं पोर तासभर गप्प बसतं? लक्षणं सहा महिन्यांहून जास्त आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसायला हवीत. ऐकू नीट येतं ना, झोपेत घोरतं का, वर्गातलं सगळ्यांत लहान तर नाही ना, हेही पाहावं.

तर ताई, तुम्ही असं करा. एका वहीत आठवडाभर लिहा: कॅप्सूल किती वाजता, किती खाल्लं, कधी झोपला, कधी रडला. वजन-उंची मोजून तारखेसह लिहा. ही वही घेऊन, मिस्टरांना बरोबर नेऊन, ठरल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. दोन दिवस औषध दिलं नाही हेही मोकळेपणी सांगा. त्या दोन दिवसांत तो कसा होता, हे त्यांना उपयोगी पडेल. स्पष्ट विचारा: या वयाला लांब पल्ल्याचीच का? साधी, कमी मात्रेची चालेल का? काही काळ थांबवून पाहायचं का? घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा. आणि मूल छातीत दुखतं म्हणालं, चक्कर येऊन पडलं किंवा नसलेलं काही दिसतं म्हणालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी औषध चालू ठेवायला सांगितलं, तर सकाळी कॅप्सूलच्या आधी पोटभर खाऊ घाला: तूप-मेतकूट-भात, थालीपीठ-लोणी, दूध-केळं. डब्यात दोन घास, पण कसदार. शेंगदाण्याचा लाडू चालेल. रात्री भूक परत येते, तेव्हा "आता कसली वेळ" म्हणू नका, वाढा. कॅप्सूल कुलपात ठेवा, मोजून ठेवा. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समधलं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्टकडे राहते. शेजारणीच्या मुलाला उसनं देण्याची ही वस्तू नव्हे.

बाई खूश आहेत, हे चांगलंच. पण मूल जेवतंय, झोपतंय, हसतंय का, हे आईनेच पाहायचं असतं. डॉक्टर काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.